दोन कांस्यपदकांमधील बहात्तर वर्षें

इतिहासाच्या शिक्षकाला सनावळीची खोड असते. एखादी घटना कानीं पडली कीं तिचें साल तो मनाशीं नोंदवितो आणि त्या सालाच्या आगेमागें आणखी काय काय घडलें हें चाचपूं लागतो. माझेंहि तसेंच आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या एका शाळेंत मुलांकडून सनावळी पाठ करून घेण्यांत माझें सारें आयुष्य गेलें. मॅट्रिकपुढें माझी मजल गेली नाहीं. त्यामुळें विद्वत्तेचा आव आणण्याची सोय नाहीं. परंतु आज जो विषय मीं बोलण्यासाठीं निवडला आहे, त्याला विद्वत्तेपेक्षां चिकाटीनें केलेली मोजदादच अधिक उपयोगी पडेल असें वाटतें.

१ ऑगस्ट १९६२ रोजीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. पुढें याच महामंडळानें पंचगंगेच्या पलीकडे, पुणें-बंगलोर रस्त्याच्या कडेला, आमची शिरोलीची वसाहत वसविली. बरोबर बासष्ट वर्षांनीं, म्हणजे १ ऑगस्ट २०२४ रोजीं दुपारीं, मी त्या वसाहतींतील एका चहाच्या टपरीवर उभा होतों. भोंवतालच्या फौंड्र्यांतून जेवणाच्या सुटीला बाहेर आलेले कामगार एका लहानशा मोबाइलभोंवतीं डोकीं एकत्र करून उभे होते. कोणाच्या हाताला सांच्याची काळी वाळू, कोणाच्या भुवयांवर भट्टीची राख. तिकडे फ्रान्समधील शातोरू येथें एक तरुण पन्नास मीटरांवरील निशाणावर गोळ्या झाडीत होता, आणि तो तरुण राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचा होता. स्वप्नील कुसाळे याचे ४५१.४ गुण झाले, तिसरा क्रमांक निश्चित झाला आणि टपरीवर एकच जल्लोष उठला. माझ्या शेजारीं माझा एक जुना विद्यार्थी उभा होता. तो मात्र ओरडला नाहीं. तो काय बोलला हें मी शेवटीं सांगेन.

त्या दिवसापासून एक वाक्य सर्वत्र ऐकूं येऊं लागलें : खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनीं महाराष्ट्राला ऑलिंपिकचें वैयक्तिक पदक मिळालें. वाक्य खरें आहे. १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींतील कांस्यपदक, २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें नेमबाजींतील कांस्यपदक. परंतु हें वाक्य ऐकतांना अभिमान जितका वाटतो, तितकाच एक प्रश्नहि मनाला टोंचतो. मधलीं बहात्तर वर्षें आपण काय करीत होतों? आपल्या मातींतला कस उतरला होता काय? मला या प्रश्नाचें जें उत्तर सांपडलें, तें आज आपणांसमोर ठेवतों.

आरंभ थोडा मागून केला पाहिजे. राजर्षि शाहू छत्रपति १९०२ सालीं विलायतेस गेले असतां वाटेंत रोमचें प्राचीन क्रीडागार त्यांनीं पाहिलें आणि तशीच गोलाकार बैठकींची जागा कोल्हापुरांत कुस्तीसाठीं असावी असें त्यांच्या मनानें घेतलें, असें सांगतात. खासबागेचें मैदान १९१२ सालीं पुरें झालें. मध्यभागीं तांबड्या मातीचा हौदा आणि भोंवतीं चढत गेलेल्या पायऱ्या. कोठेंहि बसलें तरी कुस्ती दिसावी अशी त्याची रचना. मैदानाच्या जोडीला तालमी होत्या, तालमींतून वस्ताद होते आणि मल्लांच्या खुराकाला दरबारचा आधार होता. आज आपण ज्याला खेळाची व्यवस्था म्हणतों, ती त्या काळीं कोल्हापुरांत राजाश्रयाच्या रूपानें उभी होती.

मात्र ही सारी व्यवस्था मैदानासाठीं होती, ऑलिंपिकसाठीं नव्हती. ऑलिंपिकचा वारा महाराष्ट्रांत आला तो पुण्याहून. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकऱ्यांचे मुलगे पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनांत भारताचा संघ पाठविण्याची कल्पना आली, आणि १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला तो संघ गेला. त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले हे लांब पल्ल्याचे धावपटू होते. त्यांत रणधीर शिंदे हे मल्लहि होते. शिंद्यांना चौथा क्रमांक मिळाला. पदक एका कुस्तीनें हुकलें. म्हणजे आपल्या पदकांच्या इतिहासाचें पहिलें पान हें एका हुकलेल्या पदकाचें आहे. चौथ्या क्रमांकाचें नांव कोणी पाठ करीत नाहीं. परंतु तिसऱ्यापर्यंत पोंचण्याची वाट चौथ्यावरूनच जाते, हें लक्षांत ठेवावें.

आतां खाशाबांकडे वळूं. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळील गोळेश्वरचा. वडील स्वतः कुस्तीगीर. पुढील शिक्षणासाठीं खाशाबा कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयांत आले. १९४८ सालीं ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हां प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनीं उचलला होता. आयुष्य मातींत गेलेल्या या मल्लाला तेथें गादीवर खेळावें लागलें, आणि नियमहि अपरिचित. तरीहि सर्वांत हलक्या वजनगटांत त्यांनीं सहावा क्रमांक मिळविला.

चार वर्षांनीं हेलसिंकीची वेळ आली, तेव्हां परिस्थिति पालटली होती. संस्थान विलीन झालें होतें. जुना आश्रयदाता गेला होता आणि नवा अजून जागा झाला नव्हता. खाशाबांनीं दारोदार हिंडून पैसे जमविले. कोणीं दहा दिले, कोणीं पन्नास. तरी रक्कम पुरेना. तेव्हां राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. श्रोतेहो, १९५२ सालचे सात हजार रुपये! एका शिक्षकानें एका विद्यार्थ्यासाठीं आपलें छप्पर पणाला लावलें.

हेलसिंकीस खाशाबांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांना पराभूत केलें. जपानचा शोहाची इशिई आणि सोव्हिएत संघाचा मल्ल यांच्यापुढें मात्र त्यांना हार पत्करावी लागली. दोन कुस्त्यांच्या मध्यें नियमाप्रमाणें जी विश्रांति मिळावयास हवी होती, ती त्यांना मिळाली नाहीं, आणि त्यांच्या वतीनें तक्रार करण्यास भारताचा एकहि अधिकारी त्या वेळीं तेथें हजर नव्हता, असें सांगितलें जातें. त्याच स्पर्धेंत केशव माणगांवे यांना त्यांच्या गटांत चौथा क्रमांक मिळाला. तें दुसरें पदकहि थोडक्यांत गेलें. खाशाबा परतले तेव्हां कराडास शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर त्यांनीं जें पहिलें काम केलें तें असें कीं, कुस्त्यांचीं मैदानें भरविलीं, त्या उत्पन्नांतून कर्ज फेडलें आणि गुरूचें घर सोडविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढलें वैयक्तिक पदक देशाला १९९६ सालीं, चव्वेचाळीस वर्षांनीं मिळालें. म्हणजे केवळ महाराष्ट्रच नव्हे, तर सारा देशच दीर्घकाळ रिकाम्या हातानें परतत होता. खुद्द खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात्. १९८४ सालीं एका अपघातांत त्यांचें निधन झालें होतें.

यानंतर एकदम अंधार पडला काय? मुळींच नाहीं. १९६२ सालीं, ज्या महिन्यांत औद्योगिक महामंडळ स्थापन झालें त्याच महिन्याच्या अखेरीस जकार्ता येथें आशियाई स्पर्धा सुरू झाल्या. सांगली जिल्ह्यांतील कवठे पिराणचे मारुती माने यांनीं मुक्त शैलींत सुवर्णपदक व ग्रीको-रोमन शैलींत रौप्यपदक मिळविलें. पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनीं याच्या उलट केलें : ग्रीको-रोमनमध्यें सुवर्ण, मुक्त शैलींत रौप्य. दोघा मल्लांचीं मिळून चार पदकें. आंदळकर पुढें कोल्हापुरांतच राहिले आणि मोतीबाग तालमीचे वस्ताद म्हणून त्यांनीं पिढ्या घडविल्या. १९७० सालीं एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत गंगावेश तालमीचे हरिश्चंद्र बिराजदार यांनीं सुवर्णपदक जिंकलें. १९७४ सालीं ख्राइस्टचर्च येथें दादू चौगुले यांनीं रौप्यपदक. कोल्हापूरच्या तालमींचा हा भरतीचा काळ होय.

मग ओहोटी लागली. तिचीं कारणें शोधतांना पुष्कळ लोक एकदम "पूर्वीचे पैलवान राहिले नाहींत" या वाक्याशीं येऊन थांबतात. मला तें पटत नाहीं. माझ्या मतें कारणें तीन.

पहिलें कारण पायांखालचें. आपली कुस्ती मातींतली. तेथें प्रतिस्पर्ध्याला चीतपट केल्यावांचून निकाल लागत नसे. घटका गेली तरी चालेल. गादीवरची कुस्ती मिनिटांवर चालते आणि गुणांवर ठरते. प्रतिस्पर्ध्याला एका बाजूला ढकलून रेषेबाहेर नेलें तरी गुण मिळतो. मातींत पाय रुततो, गादीवर घसरतो. मातींतला दमदार, सावकाश पवित्रा गादीवर उशिराचा ठरतो. ज्यांनीं लहानपणापासून मुलांना गादीवर उतरविलें, त्यांना फळ मिळालें. २००८ पासून २०२४ पर्यंतच्या पांचहि ऑलिंपिकमध्यें भारताला कुस्तींत पदक मिळालें. परंतु तीं सारीं दिल्ली-हरियाणाकडील मल्लांचीं. एकहि कोल्हापूरकडे आलें नाहीं.

दुसरें कारण आश्रयाचें. दरबार गेल्यावर तालमी जत्रांच्या इनामांवर, कारखान्यांच्या मानधनावर आणि गांवोगांवच्या हौसेवर जगल्या. ही हौस फार मोठी आहे, तिला मी नांवें ठेवीत नाहीं. परंतु ज्याचें अन्न खावें त्याच्यासाठीं लढावें, हा नियमच आहे. गांवच्या यात्रेंतलें इनाम पोट भरतें. आशियाई स्पर्धेच्या निवडचाचणीचा प्रवासखर्च खिसा रिकामा करतो. तरुण मल्लानें यांतलें पहिलें निवडलें तर दोष कोणाचा?

तिसरें कारण ध्येयाचें. आमच्या लहानपणीं मुलाच्या स्वप्नांत गदा येत असे, पदक येत नसे. महाराष्ट्र केसरी, हिंद केसरी हे आमचे हिमालय. त्यापलीकडे पर्वत आहेत हें आम्हां शिक्षकांनींहि त्यांना कधीं सांगितलें नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ज्या काळाला आपण ओहोटीचा म्हणतों, त्याच काळांत सांगली जिल्ह्यांतल्या पेठ गांवच्या एका माणसानें जागतिक सुवर्णपदक आणलें होतें. मुरलीकांत पेटकर हे सैन्यांत होते. १९६५ च्या युद्धांत त्यांना गोळ्या लागल्या व कमरेखालचें शरीर निकामी झालें. लहानपणीं कुस्ती खेळलेला हा जवान पोहण्याकडे वळला आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडलबर्ग येथें, अपंगांच्या ऑलिंपिकमध्यें, पन्नास मीटर मुक्त शैलीची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून त्यानें भारताला त्या स्पर्धेंतलें पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. पद्मश्री त्यांना मिळाली २०१८ सालीं, शेचाळीस वर्षांनंतर. मीं माझ्या वर्गांत खाशाबांचें नांव शेंकडों वेळां घेतलें असेल. पेटकरांचें नांव एकदांहि घेतलें नाहीं, कारण मला तें ठाऊकच नव्हतें. तेव्हां बहात्तर वर्षांच्या पोकळींतली कांहीं पोकळी ही मैदानावरची नसून आमच्या वहींतली होती. २०२४ सालीं पॅरिसला त्याच सांगली जिल्ह्यांतील सचिन खिलारी यानें अपंगांच्या स्पर्धेंत १६.३२ मीटर गोळा फेंकून रौप्यपदक मिळविलें. निदान त्याचें नांव तरी वेळेवर वहींत उतरावें.

आतां दुसऱ्या भरतीकडे येतों. ती तालमींतून आली नाहीं, हें तिचें वैशिष्ट्य. २००६ सालीं मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिनें नेमबाजींत दोन सुवर्णपदकें जिंकलीं. २०१० सालीं म्यूनिक येथें पन्नास मीटर अंतरावर आडवें पडून रायफल चालविण्याच्या प्रकारांत तिनें सहाशेंपैकीं ५९७ गुण मिळविले, तेव्हांच्या जागतिक विक्रमाशीं बरोबरी केली आणि नेमबाजींत जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय स्त्री झाली. परंतु स्त्रियांचा हा प्रकार ऑलिंपिकमध्यें नव्हता. म्हणजे जगांत पहिली येऊनहि ऑलिंपिकच्या तक्त्यांत तिचें नांव चढणें त्या प्रकारापुरतें तरी शक्यच नव्हतें. केवळ ऑलिंपिक पदकें मोजणाऱ्याच्या हिशोबांत २०१० हें साल कोरें पडतें; तें कोरें होतें असें कोण म्हणेल?

त्याच २०१० सालीं ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेंत कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यानें पन्नास मीटर बटरफ्लाय पोहण्यांत कांस्यपदक घेतलें. चोवीस वर्षांनीं भारताला त्या स्पर्धेंत पोहण्याचें पदक मिळालें. २०१३ सालीं कोरियांतील चांगवन येथें राही सरनोबत हिनें विश्वचषकाच्या पिस्तुल नेमबाजींत सुवर्णपदक पटकाविलें. २०१४ सालीं ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत तर एक नवलच झालें. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ वसलेल्या कुरुंदवाडच्या तिघां तरुणांनीं, गणेश माळी, ओंकार ओतारी व चंद्रकांत माळी यांनीं, वजन उचलण्याच्या तीन निरनिराळ्या गटांत तीन कांस्यपदकें आणलीं. एका लहानशा गांवानें एका स्पर्धेंत तीन पदकें आणावीं, हा योगायोग नव्हे. जेथें एक चांगला मार्गदर्शक पाय रोवून राहतो आणि पुढल्या मुलाला मागला मुलगा रोज दिसतो, तेथेंच हें घडतें. २०१८ सालीं राहीनें आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. गुणांची बरोबरी दोन वेळां फोडावी लागली तेव्हां निकाल लागला. नेमबाजींत आशियाई सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. आणि स्पर्धेचें स्थळ कोणतें? तोच इंडोनेशिया देश, जेथें छप्पन्न वर्षांपूर्वीं माने-आंदळकरांनीं शड्डू ठोकला होता.

या दुसऱ्या भरतीच्या मुळाशीं नवीन आश्रय आहे. स्वप्नील २००९ सालीं महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनींत दाखल झाला. तेथें मुलांची चांचणी घेऊन त्यांस खेळ दिला जातो. राहणें, जेवणें, शिकणें आणि सराव एका छपराखालीं होतें. पुढें त्याला रेल्वेंत तिकीट तपासनिसाची नोकरी मिळाली. पोटाची चिंता मिटली. दीपाली देशपांडे यांच्यासारख्या, स्वतः ऑलिंपिक खेळून आलेल्या, मार्गदर्शिका लाभल्या. २०२२ सालीं कैरोच्या जागतिक स्पर्धेंत तो चौथा आला आणि भारतासाठीं ऑलिंपिकची जागा मिळविली. २०२३ सालीं हांगझूच्या आशियाई स्पर्धेंत संघाचें सुवर्णपदक मिळालें, वैयक्तिक क्रमांक पुन्हां चौथा. पाहा, येथेंहि तिसऱ्याच्या आधीं चौथा आहेच. पॅरिसचें पदक एका दुपारचें नव्हतें. तें पंधरा वर्षांचें होतें.

आमच्या शिरोलींत कोणालाहि विचारा, ओतीव काम कसें होतें. लोखंड वितळणें आणि तें सांच्यांत ओतणें ही थोड्या वेळाची गोष्ट. पाहणाऱ्याला तेवढीच दिसते, कारण ठिणग्या तेव्हांच उडतात. परंतु माल चांगला निघणार कीं वाईट, हें आधींच सांचा बांधणाऱ्यानें ठरविलेलें असतें. पदकांचा आलेख काढणारे आपण ठिणग्या मोजतों. सांचा कोणीं बांधला, कधीं बांधला, वाळू कोणीं चाळली, याची नोंद ठेवीत नाहीं.

जगांतलें एक उदाहरण देतों. सर्बिया हा युरोपांतील लहान देश. २०२२ च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या सुमारें सासष्ट लाख भरली. आपले कोल्हापूर व सांगली हे दोन जिल्हे मिळून २०११ च्या शिरगणतींत जवळजवळ सदुसष्ट लाख होते. म्हणजे माणसांच्या हिशोबानें आपली आणि त्या देशाची बरोबरी. सर्बियाचे दोन धावपटू प्रथम ऑलिंपिकला गेले तें १९१२ सालीं, म्हणजे आपलें खासबाग मैदान पुरें झालें त्याच सालीं. पुढें तो देश युगोस्लाव्हियांत सामील होता. २००६ सालीं पुन्हां स्वतंत्र झाला. तेव्हांपासून त्याचीं ऑलिंपिक पदकें अशीं : २००८ सालीं ३, २०१२ सालीं ४, २०१६ सालीं ८, टोकियोच्या स्पर्धेंत ९ आणि २०२४ सालीं ५. शेवटचा आंकडा पाहून एखादा म्हणेल, घसरण लागली. परंतु त्यांतलीं सुवर्णपदकें पाहा : शून्य, एक, दोन, तीन आणि पुन्हां तीन. पांच पदकांतलीं तीन सोन्याचीं. पाण्यांतल्या पोलोचें सुवर्णपदक त्यांनीं ओळीनें तीन वेळां जिंकलें. म्हणजे एकूण आंकडा खालीं आला तरी पाया हालला नाहीं.

अर्थात् ही तुलना ताणूं नये. देशाचा संघ वेगळा, जिल्ह्याची गोष्ट वेगळी; आपल्या मुलाला देशाच्या संघांत शिरण्यासाठींच आधीं सव्वाशें कोटींहून अधिक लोकांतून वर यावें लागतें. परंतु एक धडा घेण्यासारखा आहे. तो देश सर्व खेळांमागें धांवत नाहीं. पाण्यांतला पोलो, बास्केटबॉल, नेमबाजी अशा मोजक्या खेळांत त्याचे शिक्षक आणि आखाडे पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. राज्य मोडलें, सरहद्दी बदलल्या, नांव बदललें. तरी शिकविणारे हात तुटले नाहींत. आपल्याकडे संस्थान गेलें तेव्हां तालमी राहिल्या, वस्तादहि राहिले. परंतु त्यांना नव्या जगाशीं जोडणारा दुवा तुटला, आणि तो पुन्हां सांधण्यास आपल्याला दोन पिढ्या लागल्या. मधल्या काळांत तो दुवा वैयक्तिक त्यागानें जोडला गेला. एका टोकाला प्राचार्य खर्डेकरांचें गहाण पडलेलें घर. दुसऱ्या टोकाला स्वप्नीलचे वडील; तेहि शिक्षक, आणि मुलाच्या नेमबाजीसाठीं त्यांनींहि कर्ज काढल्याचें वृत्तपत्रांतून आलें. बहात्तर वर्षांच्या दोन्ही टोकांस एकेक शिक्षक उभा आहे, आणि दोघांच्याहि डोक्यावर ऋण आहे.

येथें मला माझ्याविषयीं बोललें पाहिजे. मीहि शिक्षक होतों.

तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. माझ्या वर्गांत फौंड्रींत सांचे भरणाऱ्या एका कामगाराचा मुलगा होता. अभ्यासांत बेताचा, पण गांवच्या तालमींत पहांटे चारला जाणारा. एकदां बाहेरगांवच्या शालेय कुस्तीस्पर्धेसाठीं त्याची निवड झाली. तेथून पुढें राज्याची स्पर्धा होती, आणि ती गादीवर व्हावयाची होती. अर्जावर वर्गशिक्षकाची सही हवी होती. स्पर्धेचे दिवस चांचणी परीक्षेच्या आड येत होते. तो अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशीं उभा राहिला. मीं चष्म्यावरून पाहिलें आणि म्हणालों, "कुस्तीनें पोट भरत नाहीं. आधीं मॅट्रिक हो." अर्ज तसाच परत केला. तो कांहीं न बोलतां गेला. त्या वर्षीं तो मॅट्रिक झाला नाहीं. पुढल्या वर्षीं बापाच्या जागीं कामाला लागला. मला तेव्हां वाटलें, मीं कर्तव्य केलें. मीं त्याच वर्गांत, त्याच महिन्यांत, खाशाबांसाठीं घर गहाण ठेवणाऱ्या प्राचार्यांची गोष्ट मोठ्या रसानें सांगितली असेल. माझ्याकडे कोणी घर मागितलें नव्हतें. एक सही मागितली होती.

१ ऑगस्टला टपरीवर माझ्या शेजारीं उभा होता तो हाच. केंस पिकलेले, हातांवर भाजल्याचे डाग. सगळे ओरडत होते तेव्हां तो त्या लहानशा पडद्याकडे शांतपणें पाहत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गुर्जी, पोरानं नाव काढलं बगा." मला राहवलें नाहीं. मीं तो जुना अर्ज काढला. तो हंसला. म्हणाला, "तुमी सही दिली असती तरी मी काय ऑलिंपिकला गेलो नसतो, गुर्जी. पन मी कितपत होतो, ते तरी कळलं असतं."

श्रोतेहो, पदकांच्या चढउताराची माझी सारी मोजदाद या एका वाक्यापाशीं येऊन थांबली. ज्या वर्षीं पदक मिळत नाहीं, त्या वर्षीं पराभव झालेलाच असतो असें नाहीं. पुष्कळदां त्या वर्षीं कोणी मैदानापर्यंत पोंचलेलेंच नसतें. हरलेल्यांची नोंद कोठेंतरी सांपडते. चौथ्या क्रमांकाचें नांव शोधलें तर मिळतें. परंतु ज्यांचे अर्ज टेबलावरूनच परत गेले, त्यांची नोंद कोणत्याहि तक्त्यांत नाहीं. मधल्या बहात्तर वर्षांतला मोठा हिस्सा त्यांचा आहे, असें मला आतां वाटूं लागलें आहे.

मुलांनीं अभ्यास सोडून खेळावें, असा माझ्या बोलण्याचा अर्थ कोणीं घेऊं नये. खाशाबा महाविद्यालयांत शिकत होते. वीरधवल पुढें तहसीलदार झाला. विद्या आणि खेळ यांचें वैर आपण आपल्या सोयीसाठीं मानलें आहे. तसेंच प्रत्येक मुलगा पदक आणील, असेंहि मी म्हणत नाहीं. शंभर मुलांत एकहि आणणार नाहीं. परंतु आपण कितपत आहों, हें कळण्याचा अधिकार शंभरांनाहि आहे.

मी आतां सेवानिवृत्त आहें. माझ्या सहीला शाळेंत किंमत उरली नाहीं. ज्यांच्या सहीला अजून किंमत आहे असे शिक्षक, पालक, अधिकारी आणि कारखानदार माझें हें बोलणें ऐकत असतील. उद्यां सकाळीं एखादें मूल अर्ज घेऊन तुमच्या टेबलापाशीं उभें राहील, तेव्हां चष्मा सांवरून तो अर्ज एकदां नीट वाचा, एवढीच माझी विनंति आहे.